यंत्राची पत आणि माणसाची जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यापाराच्या भाषेत 'पत' हा शब्द लहान आहे, परंतु त्याचा आशय फार मोठा आहे. भांडवल कर्ज काढूनही उभे करता येते. पत मात्र वर्षानुवर्षांच्या व्यवहारातून मिळवावी लागते आणि एका खोट्या व्यवहाराने ती जाते. आजवर हा शब्द माणसाला आणि पेढीला लागू होत असे. आता तो यंत्रालाही लावून पाहण्याची वेळ आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, अर्थात एआय, आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये येऊन पोहोचली आहे. मराठीत प्रश्न विचारला की मराठीत उत्तर मिळते. पिकाचा सल्ला, कर्जाचा अर्ज, दुखण्याची शंका, जीएसटीचा नियम अशा अनेक बाबतींत लोक यंत्राचा कौल घेऊ लागले आहेत. त्या उत्तरावर किती विश्वास ठेवावा, आणि तो विश्वास फसला तर जबाबदार कोण, हे दोन प्रश्न त्यामुळे घराघरांत उभे राहिले आहेत.

जगातील अनेक विद्यापीठांत आज नेमक्या याच प्रश्नांवर पीएच.डी.चे संशोधन चालू आहे. माणूस यंत्रावर विश्वास का ठेवतो, तो कोठे चुकतो आणि यंत्राची रचना कशी असावी म्हणजे ही चूक टळेल, याचा शोध संगणकशास्त्र आणि मानसशास्त्र एकत्र येऊन घेत आहेत. हा विषय सातारा-सांगलीच्या मंडळींना दूरचा वाटण्याचे कारण नाही. यंत्रावरील विश्वासाचा एक मोठा धडा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच मुलखाने गिरवलेला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी तो विकत घेण्यास तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले मोजके नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे आणि जैन कुळात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही उमेदीच्या काळात किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली होती. नांगराचे एक बरे होते. त्याचा गुणदोष एका हंगामात डोळ्यांना दिसत असे. तास किती खोल गेले, हे शेजारचा शेतकरीही बांधावर उभा राहून पाहू शकत होता. एआयचे तसे नाही. त्याचे बरोबर उत्तर आणि चुकीचे उत्तर सारख्याच आत्मविश्वासाने, सारख्याच गोड भाषेत येते. म्हणूनच येथे विश्वासाचा प्रश्न नांगरापेक्षा अवघड झाला आहे.

गोड भाषेचा प्रभाव किती पडतो, हे १९६६ मध्येच दिसून आले होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणकीय कार्यक्रम तयार केला. समोरच्याचेच वाक्य फिरवून त्याला प्रश्न विचारणे, एवढेच त्याचे कसब. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. हे पाहून स्वतः वायझेनबाउम अस्वस्थ झाले आणि पुढील आयुष्यात त्यांनी या मोहाविरुद्ध सातत्याने इशारा दिला.

पुढे या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. १९९५ मध्ये मेयर, डेव्हिस आणि शूरमन या अभ्यासकांनी विश्वासाचे तीन आधार सांगितले : क्षमता, सद्भाव आणि सचोटी. मुनीम नेमताना जुन्या पेढ्या हेच पाहत असत. हिशेब येतो का, मालकाचे हित पाहतो का आणि हात स्वच्छ आहे का? यंत्राकडे क्षमता असू शकते. परंतु सद्भाव आणि सचोटी यंत्राच्या ठायी नसून ते बनवणाऱ्या आणि वापरावयास देणाऱ्या माणसांच्या ठायी असते. १९९७ मध्ये राजा परशुरामन आणि व्हिक्टर रायली यांनी स्वयंचलित यंत्रांच्या वापराचे चार प्रकार मांडले. पहिला योग्य वापर; दुसरा अतिविश्वासातून होणारा चुकीचा वापर; तिसरा अविश्वासातून उपयुक्त यंत्र टाळणे; आणि चौथा, वापरणाऱ्या माणसाचा विचार न करता यंत्र त्याच्यावर लादणे. २००४ मध्ये जॉन ली आणि कॅट्रिना सी यांनी या विचाराला पुढची दिशा दिली. यंत्राची जेवढी खरी योग्यता, तेवढाच विश्वास त्यावर बसावा, अशी त्याची रचना असली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. व्यापारात ज्याची जेवढी पत, त्याला तेवढीच उधारी देतात. तत्त्व तेच आहे.

हे माप चुकले म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

१० जून १९९५ रोजी 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनकडे जात असताना अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ उथळ पाण्यात रुतले. जहाजावर पंधराशेहून अधिक माणसे होती. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. उपग्रहाकडून स्थान कळवणाऱ्या यंत्राच्या अँटेनाची तार निसटली होती. त्यानंतर ते यंत्र केवळ अंदाजाने स्थान दाखवत राहिले आणि सुमारे ३४ तास अधिकारी त्यावर विसंबून राहिले. जहाज मार्गापासून सुमारे १७ मैल भरकटले. आपण आता अंदाजाने चाललो आहोत, हे यंत्राने सांगितले नव्हते असे नाही. पडद्याच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते लिहिलेले होते. दोष माणसाच्या बेसावधपणाचा होता, तसाच यंत्राच्या रचनेचाही होता. जे मोठ्याने सांगावयास हवे, ते त्याने कुजबुजत सांगितले.

दुसरे उदाहरण हिशेबाचे आहे आणि व्यापारी वर्गाला ते अधिक जवळचे वाटेल. ब्रिटनच्या टपाल खात्यात 'होरायझन' ही संगणकीय हिशेब प्रणाली होती. तिला एआय म्हणता येणार नाही, परंतु धडा तोच आहे. प्रणालीतील दोषांमुळे टपाल शाखा चालवणाऱ्यांच्या हिशेबात खोटी तूट दिसू लागली. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे गुन्हे शाबीत झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरे-दुकाने गेली. संगणक बरोबरच चालत असणार, असे न्यायालयात गृहीत धरले जात असे. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचा निर्वाळा दिला आणि २०२४ मध्ये खास कायदा करून या शिक्षा रद्द करण्यात आल्या. ज्यांचे आयुष्य मधल्या काळात संपले, त्यांना तो न्याय पाहता आला नाही. खतावणीचा मेळ बसला नाही तर जुना मुनीम प्रथम आपली बेरीज पुन्हा तपासत असे. येथे यंत्राची बेरीज कोणी तपासली नाही. माणसालाच चोर ठरवले गेले.

आता जबाबदारीचा प्रश्न. कॅनडातील एका प्रवाशाला २०२२ मध्ये एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संवादयंत्राने, म्हणजे चॅटबॉटने, सवलतीच्या तिकिटाविषयी चुकीची माहिती दिली. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा चॅटबॉट आपल्या कृतीला स्वतंत्रपणे जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव करण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीने सुमारे ८१२ डॉलर द्यावेत, असा आदेश दिला. रक्कम किरकोळ होती, पण तत्त्व मोठे होते. पेढीवरच्या मुनिमाने दिलेला शब्द हा पेढीचाच शब्द असतो, हे बाजारपेठेचे जुने तत्त्व त्या निकालात नव्या रूपाने दिसते.

भारतातही या दिशेने पावले पडली आहेत. रिझर्व्ह बँकेने वित्तीय क्षेत्रातील एआयसाठी मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात सात सूत्रे आणि २६ शिफारशी आहेत. पहिलेच सूत्र असे की, विश्वास हा पाया आहे. उत्तरदायित्व आणि सहज समजेल अशी रचना, हीदेखील त्या सात सूत्रांत आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या एआयविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही हीच सात सूत्रे स्वीकारण्यात आली.

ही सूत्रे सातारा-सांगलीच्या मातीत उतरवून पाहिली पाहिजेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत एआयचा प्रयोग हाती घेतला. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतील ओलावा मोजणारी उपकरणे यांच्या आधारे पाणी व खत यांचा सल्ला मोबाईलवर देण्याची ही पद्धत आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये २०२५ ते २०२९ या काळासाठी कृषी-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. कृष्णाकाठच्या ऊस उत्पादकाला याचा मोठा लाभ होऊ शकतो. अतिपाण्याने सांगली जिल्ह्यातील कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. योग्य वेळी 'आज पाणी नको' असे सांगणारा सल्लागार मिळाला तर ती हानी रोखता येईल.

परंतु सल्ला चुकला तर? एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. एका ठिकाणच्या माहितीवर तयार झालेले यंत्र दुसऱ्या ठिकाणी तितकेच बरोबर ठरेल, असे मानता येणार नाही. म्हणून जबाबदार रचनेच्या काही अटी आहेत. यंत्राने सल्ल्याबरोबर त्याचे कारण शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत सांगावे. माहिती अपुरी असेल तर तसे स्पष्ट सांगावे. 'स्यात्' या शब्दाचे मोल या समाजाला वेगळे समजावून देण्याची आवश्यकता नाही. चूक कळवण्याची सोय असावी आणि ती ऐकणारा जिवंत माणूस पलीकडे असावा. दिलेल्या सल्ल्याची नोंद राहावी, म्हणजे वाद झाल्यास वही उघडता येईल. आणि हानी झाल्यास ती कोण भरून देणार, हे आधीच ठरलेले असावे. या कापडाचा रंग पहिल्या धुण्यात थोडा जाईल, असे आपणहून सांगणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. यंत्राची पतही अशाच स्पष्टपणाने वाढेल.

केवळ कारण सांगितले म्हणजे काम झाले, असेही नाही, हे अलीकडील संशोधनाने दाखवले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, यंत्राने नुसते कारण दिले तरी लोक त्याच्या चुकीच्या उत्तराला मान डोलावतात. उत्तर दाखवण्यापूर्वी माणसाला स्वतः विचार करावयास लावले, तर हा अतिविश्वास कमी होतो. गंमत अशी की, ज्या रचनेने लोकांना अधिक सावध केले, ती लोकांना कमी आवडली. होयबा मुनीम मालकाला प्रिय असतो; पण पेढी तारतो तो टोकणारा मुनीम. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने गिऱ्हाइकाची आवड पाहावी की त्याचे हित, हा खरा नीतीचा प्रश्न येथे उभा राहतो.

हे संशोधन बहुतांशी इंग्रजी भाषेत आणि परदेशी लोकांवर झालेले आहे. माणदेशातील शेतकरी, सांगलीच्या हळद बाजारातील अडत्या किंवा साताऱ्यातील गृहिणी यंत्राच्या शब्दावर कसा विश्वास ठेवते, याचा शोध येथल्याच तरुणांनी घेतला पाहिजे. १९४७ पासूनचे सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६२ पासूनचे शिवाजी विद्यापीठ आणि २०२१ मध्ये साताऱ्यात स्थापन झालेले कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ या भागात आहेत. या विषयाला केवळ संगणकाचे शिक्षण पुरत नाही. वाणिज्य, मानसशास्त्र, कायदा आणि भाषा यांचे विद्यार्थीही त्यात मोलाची भर घालू शकतात. समाजाच्या शिष्यवृत्त्या देताना पदवीपुरता विचार न करता अशा एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही आधार मिळाला, तर पन्नास वर्षांच्या या संस्थेच्या कार्यात ती सार्थ भर ठरेल.

तोपर्यंत घरी आणि दुकानात एक साधा नियम पाळता येईल. जेथे चूक झाली तर थोडा वेळ वाया जाईल, तेथे यंत्राचे उत्तर खुशाल घ्यावे. जेथे चूक झाली तर पैसा, प्रकृती किंवा कोणाची अब्रू जाईल, तेथे जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. शेवटी सही माणसाची असते, आणि ज्याची सही त्याची जबाबदारी.

सर्वांना सुवर्णमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. जय जिनेंद्र.