परदेशची पेन्शन आणि आपले विवरणपत्र
(हळदीकुंकू समारंभातील भाषण)



हळदीकुंकवाला कराची गोष्ट काढते म्हणून नाके मुरडू नका. परदेशची पेन्शन येणारी घरे आपल्या आळीत आता बरीच आहेत, आणि विवरणपत्रावर सही मात्र मुलगा दाखवील तेथे होते.

माझ्या शेजारच्या काकूंचेच घ्या. इंग्लंडात एका खासगी कारखान्यात वीस वर्षे राबून त्या परतल्या. त्यालाही आता बरीच वर्षे झाली. एक पेन्शन तेथील सरकारची, दुसरी कारखान्याची. दोन्ही तिकडच्याच बँकेत जमा होतात. काकू म्हणत, "पैसा इकडे आणलाच नाही, मग सांगायचे काय?" पण येथे कायम राहणाऱ्याला जगातल्या सगळ्या उत्पन्नावर येथे हिशेब द्यावा लागतो. पुष्कळ वर्षांनी परतलेल्यांना पहिली दोनतीन वर्षे सवलत असते, तेवढीच.

कारखान्याच्या पेन्शनीतून तिकडे कर कापला जाई. काकूंना वाटे, त्याची वजावट इकडे मिळेल. ती मिळत नाही! भारत-ब्रिटन यांच्या १९९३ च्या कराराप्रमाणे अशा खासगी पेन्शनीवर कर राहत्या देशातच लागतो. तिकडे कापलेला कर तिकडूनच परत मागावयाचा, आणि त्यासाठी आपल्या प्राप्तिकर खात्याकडून रहिवासाचा दाखला घ्यावयाचा. सरकारी नोकरीच्या पेन्शनीचा नियम निराळा. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचे तर अगदी उलट. १९८९ च्या करारानुसार तिच्यावर कर अमेरिकेतच. म्हणून शेजारणीचे पाहून आपले भरू नये.

इंग्लंडच्या सरकारी पेन्शनीची दरसालची वाढ भारतात राहणाऱ्यांना मिळत नाही. आकडा गोठलेला, आणि भाजीचा भाव मात्र चढता! अशा बाईचा एकेक पौंड मोलाचा. तो दोनदा करात जाऊ नये, म्हणूनच ही खटपट.

परदेशचे उत्पन्न असेल तर 'सहज' हा सोपा नमुना चालत नाही. परदेशी उत्पन्नाचा व परदेशी मालमत्तेचा असे दोन्ही तक्ते भरावे लागतात. तिकडचे बँकखातेही त्यात आले. ते लपविल्यास २०१५ च्या कायद्याने १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला हा दंड नाही, पण दाखवावयाचे ते दाखवावयाचेच. २०१७ पासून परदेशच्या खात्यांची माहिती आपल्या सरकारकडे आपोआप येऊ लागली आहे.

शनिवारी दुपारी मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. पेन्शनीचे कागद, बँकेचे उतारे आणि पासपोर्ट आणा. चष्माही आणा, कारण सही करण्यापूर्वी प्रत्येकीला वाचावयास लावणार आहे.