केलेला अभ्यास वाया जात नाही

बोला पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!

श्रोतेहो, आज निरूपणाला अभ्यासाचा विषय घेतला आहे. त्याला कारण घडलं. काल आरती झाल्यावर एक माउली सभामंडपात थांबून राहिली. सगळे पांगल्यावर जवळ आली आणि म्हणाली, "बुवा, मुलगा बारावीला राहिला. आठ दिवस झाले, उंबरा ओलांडत नाही. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. म्हणतो, दोन वर्षं केलं ते सगळं मातीत गेलं. तुम्ही काहीतरी सांगा त्याला." मी म्हटलं, उद्या घेऊन ये. आता तो आला आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी कुणाकडे बघून बोलणार नाही. (हशा) सगळ्यांसाठीच सांगतो.

आधी 'अभ्यास' या शब्दाकडे बघा. 'अभि' म्हणजे त्या दिशेला, आणि 'अस्' हा धातू आहे, त्याचा अर्थ टाकणं. मन त्या विषयाकडे टाकायचं. ते निसटतं, पुन्हा टाकायचं. पुन्हा निसटतं, पुन्हा टाकायचं. म्हणजे निसटणं हे अभ्यासाच्या पोटातच धरलेलं आहे! ज्याचं मन कधी निसटतच नाही त्याला अभ्यास कशाला हवा? तो सिद्धच झाला. अभ्यास तुमच्याआमच्यासाठी आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन देवाला दोन प्रश्न विचारतो. पहिला सगळ्यांना माहीत आहे. देवा, हे मन वाऱ्यासारखं आहे, मुठीत सापडत नाही, मी काय करू? आता गंमत बघा. देव काय म्हणाले? "छे छे, अगदी सोपं आहे," असं म्हणाले का? नाही. देव म्हणाले, तू म्हणतोस ते खरं आहे, अवघडच आहे. पण अभ्यासानं आणि वैराग्यानं ते साधतं. मायबाप, पोरगं म्हणालं की गणित अवघड जातं, तर आपण काय म्हणतो? "शेजारच्याला कसं जमतं?" (हशा) अहो, प्रत्यक्ष भगवंतानं शिष्याची अडचण आधी कबूल केली, मग उपाय सांगितला. एवढं तरी देवाकडून शिका.

दुसरा प्रश्न फारसा कुणी लक्षात ठेवत नाही, आणि आज तोच महत्त्वाचा आहे. अर्जुन विचारतो, देवा, एखाद्यानं श्रद्धेनं सुरुवात केली आणि मधेच तो घसरला, तर त्याचं काय? फाटलेल्या ढगासारखा इकडचाही नाही, तिकडचाही नाही, असा नाश पावतो का? श्रोतेहो, हा नापास झालेल्या मुलाचाच प्रश्न आहे! देव किती मायेनं उत्तर देतात! बाळा, अशी हाक मारून सांगतात की चांगलं काम करणाऱ्याची दुर्गती कधी होत नाही. तो जिथं सोडलं तिथून पुन्हा सुरू करतो. त्यानं मागं मिळवलेलं त्याला परत मिळतं, या जन्मात नाही तर पुढच्या जन्मात. आता एक जन्म संपला तरी जे बुडत नाही, ते एका मार्चमध्ये कसं बुडेल?

माझंच सांगतो. मी दहावीला गणितात नापास झालो. घरी आलो, दप्तर कोपऱ्यात फेकलं. वडील शेतकरी माणूस, माळकरी. दोन दिवस काही बोलले नाहीत. त्या साली मृगानं दगा दिला होता, दुबार पेरणीची पाळी आली होती. तिसऱ्या दिवशी मला रानात घेऊन गेले, म्हणाले, "पहिलं बी मातीत गेलं. पण नांगरट कुठं गेली का? कुळवाच्या पाळ्या कुठं गेल्या का? शेणखत कुठं गेलं? रान तयारच आहे. फक्त बी नव्यानं टाकायचं. टाकतोस का?" मी मूठ भरली. संध्याकाळी घरी येऊन दप्तर उचललं. ऑक्टोबरला सुटलो. किती गुण? बेचाळीस. (हशा) हसा, हसा. पण ते बेचाळीस दुबार पेरणीचे होते.

बोला, विठ्ठल विठ्ठल!

आख्यान

आता कोकणात चला. दापोली तालुक्यात समुद्रकाठी मुरूड नावाचं गाव. तिथं एक मुलगा होता, बुटका, किरकोळ अंगाचा. घरची गरिबी. साल 1875. त्या काळी एक सरकारी परीक्षा असे. ती पास झाली की मराठी शाळेत मास्तरकी मिळायची, घराला हातभार लागायचा. परीक्षा सातारला. पावसाळ्याचे दिवस. मग जायचं कसं? पायी! मुलगा सोबत्यांबरोबर निघाला. कुंभार्लीचा घाट, वरून पाऊस, खाली चिखल, शंभरावर मैलांची वाट. परीक्षा गाठायची म्हणून चालचाल चालले आणि सातारला पोचले.

परीक्षेला बसायला सतरा वर्षं पूर्ण हवीत असा नियम. याची पूर्ण झाली होती. पण साहेबांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, तुला बसता येणार नाही. झालं! सगळं संपलं. श्रोतेहो, नापास झाला असता तरी चाललं असतं, निदान पेपर तरी लिहिला असता. इथं पेपरसुद्धा हातात पडला नाही. वय भरलेलं, अभ्यास झालेला, चूक काडीची नाही, आणि हात हलवीत परत फिरायचं!

देवानं अभ्यासाच्या जोडीला वैराग्य का सांगितलं, ते इथं कळतं. वैराग्य म्हणजे घर सोडून जाणं नव्हे. फळ हातातून गेलं तरी काम हातातून न सोडणं, हेही वैराग्यच. तो मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसला आणि पास झाला. मग इंग्रजी शिकला. शिकवण्या करीत, पोटाला चिमटा घेत 1881 साली मॅट्रिक झाला, तेव्हा वय होतं तेवीस! 1884 साली बी. ए. झाला. आणि विषय कोणता? गणित! (हशा) माझ्या बेचाळिसांवर हसला होतात ना?

हे कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. महर्षी धोंडो केशव कर्वे. फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर झाले. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. 1900 साली हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. दिवसा कॉलेजात शिकवायचं आणि मग चिखल तुडवीत हिंगण्याला पायी जायचं. पाय तेच, सातारच्या वाटेवर तयार झालेले! त्या वेळी वाटलं असेल, चालणं फुकट गेलं. फुकट कुठं गेलं? 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. ज्याला एका साहेबानं परीक्षेच्या दारातून परत पाठवलं, त्यानं हजारो लेकींसाठी परीक्षेचं दार उघडलं. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं.

पण बाळांनो, भारतरत्न मिळावं म्हणून अभ्यास करा, असं मी सांगत नाही. ते सगळ्यांना मिळत नसतं. मी एवढंच मागतो की रोज ठरल्या वेळी बसा. तासभर बसा, पण मन निसटलं की पुन्हा तिथंच आणा. न कळलेलं विचारा, लाजू नका. आणि मायबाप, निकालाच्या दिवशी पोरानं घरी यायला घाबरू नये, एवढं तुम्ही सांभाळा. पेपर पुन्हा देता येतो. पोरगं पुन्हा येत नाही.

ती माउली आली असेल, तर तिनं आज घरी जाऊन मुलाला जेवू घालावं. आणि तो आला असेल, तर त्यानं माळ्यावरचं गाठोडं खाली काढावं. आज फक्त सोडायचं. वाचायला उद्या बसायचं. रान तयार आहे, बाळा. पेरणी तेवढी राहिली आहे.

बोला पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!