स्त्री-अभ्यास : मान्यता मिळाली, पाया?



एम.एस.डब्ल्यू. करताना मी वस्तीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. तेव्हा एका सरांनी विचारले, "याला अभ्यास म्हणायचे की चळवळ?"

विद्यापीठात नव्या विषयाला पुरावा लागतो, केंद्र लागते, पगारी जागा लागतात. १९७४ साली सरकारी समितीचा स्त्रियांच्या स्थितीवरील अहवाल आला. पुरावा हाती आला. त्याच वर्षी नीरा देसाईंनी एस.एन.डी.टी.त संशोधन केंद्र उभे केले. १९८१ साली तिथेच स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोग केंद्रांना पैसा देऊ लागला.

पण तो पंचवार्षिक योजनेपुरता. २०१७ साली बारावी योजना संपली आणि अनेक केंद्रांतल्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. मान्यता मिळाली, पाया कच्चाच राहिला.

म्हणून केंद्रे टिकवणे हे एकट्या प्राध्यापिकांचे काम नाही; ते आपलेही आहे. मात्र ज्या बायकांच्या जगण्यातून हा विषय उभा राहिला, त्यांच्याकडे तो परत आला पाहिजे. कोणी सर्वेक्षणाला आले तर माहिती जरूर द्या, पण "निष्कर्ष सांगायला वस्तीत परत याल ना?" हेही विचारा.