खलातील रसायन

वैद्याच्या खलात पारा आणि गंधक एकत्र घोटीत राहिले की पाऱ्याची चकाकी हळूहळू लोपते आणि काजळासारखी काळी भुकटी हाती येते. हीच कज्जली. चूल नाही, पाणी नाही. संयोग घडतो तो केवळ मर्दनाने.

आधुनिक रसायनशाळेत मात्र खल मागे पडला. लहान रेणू सांधून बहुवारिके करावयाची, तर घटक एखाद्या विद्रावकात विरघळवावयाचे, तापवावयाचे आणि मग तोच विद्रावक काढून टाकावयाचा, असा रिवाज पडला. त्याची वाफ हवेत मिसळू नये म्हणून पुन्हा निराळा खटाटोप!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील राहुल बॅनर्जी व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खल पुन्हा पुढे आला. त्यांना हवी होती थराथरांची, जाळीदार बहुवारिके. एरवी त्यांचे घटक बंद नळीत, विद्रावकासह, १२० अंश सेल्सियसवर तीन दिवस तापवीत. येथे कोरड्या भुकट्या नेहमीच्या तपमानातच घोटल्या. पिवळा रंग नारिंगी झाला आणि सुमारे पाऊण तासात गडद तांबडा. उकळत्या पाण्याने किंवा तीव्र आम्लानेही ती जाळी उसवली नाही.

अर्थात सगळेच पदरात पडले असे नव्हे. घोटताना थर सुटे होतात, स्फटिकरचना काहीशी विस्कळीत राहते आणि वायू धरून ठेवणारी सच्छिद्रता बरीच उणावते. शिवाय हाताने घोटून कारखाना चालत नाही. तेथे पोलादी गोळ्यांची चक्की फिरवावी लागते. तिला लागणारी वीजही वाचलेल्या विद्रावकासमोर मांडावी लागेल.