पर्यावरण कोणाचे? : पत्रकार अनिल अग्रवाल यांचे कार्य
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



पर्यावरण म्हटले की वाघ, पक्षी आणि वृक्षारोपणाचे फोटो डोळ्यांसमोर येतात. हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, अशी समजूत आपल्या वस्त्यांतही आढळते. ही समजूत खोडून काढण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या अनिल अग्रवाल या पत्रकाराचा परिचय आज आम्ही करून देणार आहोत.

त्यांचा जन्म १९४७ साली कानपूर येथे झाला. तेथीलच आय.आय.टी.मधून १९७० साली ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. त्या पदवीवर मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. परंतु १९७३ साली ते ‘हिंदुस्थान टाइम्स’मध्ये विज्ञान वार्ताहर म्हणून रुजू झाले. तेव्हा गढवालच्या डोंगरात चिपको आंदोलन सुरू होते. मार्च १९७४ मध्ये रेणी गावच्या गौरादेवी व त्यांच्या सोबतिणींनी झाडे तोडायला आलेल्या माणसांना परत पाठविले. अग्रवाल यांनी या आंदोलनाचा अर्थ नीट ओळखला. त्या बायांच्या लेखी जंगल म्हणजे चुलीचे सरपण, गुरांचा चारा आणि झऱ्याचे पाणी. जंगल गेले की बाईची पायपीट वाढते, हे त्यांनी जाणले.

१९८० साली त्यांनी दिल्लीत ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’ ही संस्था काढली. १९८२ साली तिने देशाच्या पर्यावरणाचा पहिला नागरिक अहवाल प्रसिद्ध केला. असा अहवाल सरकारने काढावा आणि लोकांनी वाचावा, ही रूढ पद्धत. येथे मात्र देशभरचे कार्यकर्ते, अभ्यासक व पत्रकार यांच्याकडील माहितीतून लोकांनीच आपला अहवाल तयार केला. जमीन, पाणी आणि जंगल बिघडले तर कोणाच्या घरात काय घडते, हे त्यात मांडलेले होते. अग्रवाल म्हणत की, देशाच्या एकूण उत्पन्नाचे आकडे वाढले तरी गरिबाचा संसार निसर्गाच्या उत्पन्नावर चालतो. ते उत्पन्न घटले की गरिबी वाढते, मग सरकारी आकडे काहीही सांगोत.

हाच हिशेब त्यांनी जगापुढेही मांडला. १९९० साली अमेरिकेतील एका संस्थेने पृथ्वीच्या तापमानवाढीची जबाबदारी वाटून देताना भारत व चीन यांना मोठ्या दोषी देशांत बसविले. १९९१ साली अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी पुस्तिका काढून त्याला उत्तर दिले. त्यांचा सवाल साधा होता. भातशेतीतून व गुराढोरांपासून निघणारा वायू आणि श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर एकाच तराजूत कसे तोलता? एक जगण्यासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. हवा सर्वांची आहे, तर तिच्यातला वाटाही माणशी समान हवा. जागतिक हवामान-चर्चेत हा मुद्दा आजही टाळता येत नाही. पुढे १९९२ साली त्यांनी ‘डाऊन टू अर्थ’ हे पाक्षिक सुरू केले.

१९९७ साली त्यांच्या संस्थेने भारतातील पारंपरिक पाणी साठवण पद्धतींवर ‘डाइंग विज्डम’ हा ग्रंथ काढला. आपल्या धुळे-नाशिक भागातील फड पद्धतही त्यात आहे. हा ग्रंथ मोलाचा खरा. पण तो वाचताना आम्हांस एक प्रश्न पडतो. जुन्या गावात पाणी होते, परंतु ते सर्वांना शिवता येत होते काय? ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे एक उत्तर अग्रवाल यांनी ज्या गावाचा वारंवार गौरव केला, त्या हरियाणातील सुखोमाजरीत सापडते. तेथे बंधाऱ्याच्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाला समान वाटा ठरला, भूमिहीनालासुद्धा. म्हणून डोंगर राखणे हे साऱ्या गावाचे काम झाले. वाटा नसेल तर राखण कोण करील?

१९९४ साली त्यांना कर्करोगाने गाठले. उपचार चालू असतानाही लेखणी थांबली नाही. १९९६ साली त्यांच्या संस्थेने ‘स्लो मर्डर’ या पुस्तकातून वाहनांच्या धुराचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. दोष केवळ चालकाचा नसून निकृष्ट इंधन, जुनाट इंजिने आणि ढिले नियम यांचा आहे, हे त्यात दाखविले. जुलै १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या सर्व बसगाड्या सी.एन.जी.वर चालविण्याचा आदेश दिला. विरोध पुष्कळ झाला. न्यायालयाला सल्ला देणाऱ्या प्राधिकरणाचे सदस्य म्हणून अग्रवाल यांनी ही बाजू लावून धरली. २ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस शहर बससेवेतील शेवटची डिझेल बस बंद झाली. दिल्लीची हवा आजही हिवाळ्यात विषारी असते, त्याचे एक कारण म्हणजे बेसुमार वाढलेली वाहने. म्हणजे लढाई संपलेली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पद्मश्री व पद्मभूषण मिळाले म्हणून आम्ही त्यांचे नाव घेत नाही. इंजिनिअरची मोजण्याची सवय त्यांनी गरिबाच्या बाजूने वापरली, म्हणून घेतो. नाल्याकाठी वस्ती कोणाची असते? कचऱ्याच्या डेपोजवळ कोण राहते? गटारात कोणाला उतरविले जाते? याची उत्तरे आपण भाषणांतून देतो. ती आकड्यांतून दिली पाहिजेत. आपल्या वस्तीत नळ किती, पाणी किती तास येते, शेजारच्या भागात किती येते, हे वहीत लिहा. २००५ सालापासून माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. दहा रुपयांच्या अर्जावर नगरपालिकेला विचारा. जे मिळेल ते वर्तमानपत्राला कळवा, छापून येईपर्यंत कळवीत राहा. आपला अहवाल दुसरा कोणी लिहील, याची वाट पाहू नका.