आकडा कमी, म्हणून इंजेक्शन?



१९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रयोगाचा अहवाल छापून आला. सात देशांतल्या दहा केंद्रांत २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन दिलं गेलं. सहा महिन्यांच्या आत त्यांतल्या १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नाही. प्रयोग करणाऱ्यांना हेच हवं होतं, कारण ते पुरुषांसाठी संततिनियमनाचं साधन शोधत होते. इंजेक्शन होतं टेस्टोस्टेरॉनचं.

हेच टेस्टोस्टेरॉन आज पंचविशी-तिशीतली मुलं अंगात जास्त 'मर्दपणा' यावा म्हणून मागतात. माझ्या दवाखान्यात समोर बसणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ही गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते. 'हे घेतलं तर मूल होणं अवघड जाईल' म्हटलं की मुलगा आधी हसतो, मग गप्प होतो.

असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती दोन हार्मोन्स रक्तात सोडते, एलएच आणि एफएसएच. त्यांच्या हुकमावर वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होतं आणि शुक्रजंतूही. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं आहे असं दिसलं की पिट्युटरी हुकूम देणं थांबवते. रोज बाहेरून डबा येऊ लागल्यावर घरची चूल कोण पेटवणार? शुक्रजंतू घडायला वृषणाच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं. दंडातून किंवा कमरेतून टोचलेलं औषध ती पातळी गाठून देऊ शकत नाही. म्हणून रिपोर्टमधला आकडा झकास दिसतो, वृषणं मात्र आकसत जातात.

आता त्या रिपोर्टाकडे वळू. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये हल्ली टेस्टोस्टेरॉनची तपासणी न मागता मिळते. आकडा येतो २७५, शेजारी 'कमी' अशी खूण. मी पहिल्यांदा विचारतो, रक्त कधी दिलंस? संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. काही खाल्लं होतंस? वडापाव. आदल्या रात्री झोप? चार तास, सॉफ्टवेअरचा रिलीज होता. एवढ्यावरच तो रिपोर्ट बाजूला ठेवावा लागतो. तरुण माणसाचं टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरत जातं. खाल्ल्यावरही ते घसरतं, तापात आणि आजारपणात तर घसरतंच. शिकागो विद्यापीठात २०११ साली दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांची दिवसाची पातळी दहा ते पंधरा टक्क्यांनी खाली आली. आपल्याकडे हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत रात्रपाळ्या करणारी मुलं वर्षानुवर्षं याच हिशेबाने जगतात. तेव्हा ही तपासणी सकाळी, उपाशीपोटी, बऱ्यापैकी झोप झाल्यावर करायची. आकडा कमी आला तर काही दिवसांनी पुन्हा करायची. दोनदा कमी आला तरच पुढचं बोलणं.

तो २७५ खरोखर कमी आहे का, हाही प्रश्न आहेच. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ साली ३०० नॅनोग्रॅमची रेषा धरली. एकोणीस ते एकोणचाळीस वयाच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांची मोजणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात नॉर्मलची खालची हद्द २६४ निघाली. म्हणजे आपला मुलगा एका हिशेबात आजारी आणि दुसऱ्यात ठणठणीत! पोट सुटलेल्या माणसात आणखी एक गुंता असतो. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन लठ्ठपणात कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा पडतो, पण प्रत्यक्ष वापरायला मोकळं असलेलं हार्मोन पुष्कळदा पुरेसं असतं. वजन उतरलं की आकडा आपोआप वर येतो. हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात, कारण त्यांना इंजेक्शन हवं असतं आणि मी चालायला सांगतो.

लक्षणांचंही तसंच. थकवा, चिडचिड, कामात लक्ष न लागणं ही कुणाला नाहीत? मला स्वतःला आहेत. टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेकडे खरं बोट दाखवणारी लक्षणं वेगळी असतात. सकाळची ताठरता बंद होणं, कामेच्छाच नाहीशी होणं, दाढी पूर्वीइतकी न वाढणं, छातीला सूज येणं, किरकोळ पडण्यात हाड मोडणं. युरोपात चाळिशीपुढच्या पुरुषांची पाहणी झाली, तेव्हा कमी आकडा आणि लैंगिक लक्षणं दोन्ही एकत्र असणारे जेमतेम दोन टक्के निघाले.

यावर मुलं म्हणतात, 'पण डॉक्टर, माझ्या मित्राला इंजेक्शनने एकदम फ्रेश वाटलं.' वाटलं असेल. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि ताकद परत आल्याचं विद्वानांच्या सभेत जाहीर केलं. तशा अर्कात हे हार्मोन जवळजवळ नसतंच, कारण ते पाण्यात फारसं विरघळत नाही. तरी म्हातारबुवांना तरतरी आली! मुंबईच्या लोकलमध्ये 'मर्दाना कमजोरी'च्या जाहिराती वाचत आमची पिढी मोठी झाली. आता त्या मोबाईलवर येतात आणि सोबत नॅनोग्रॅम असतात, एवढाच फरक.

याचा अर्थ हा आजार कुणाला नसतोच, असा मात्र कृपा करून घेऊ नका. मी एकेका मुलाला विचारतो, 'फोडणीचा वास येतो का?' तो गोंधळतो. पण जन्मापासून वास न येणं आणि वयात येणं लांबणं, ही जोडी कालमन सिंड्रोम नावाच्या आजाराची आहे. साधारण सहाशे मुलग्यांत एकजण एक्स गुणसूत्र जादा घेऊन जन्मतो, त्याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. उंच मुलगा, लहान वृषणं, विरळ दाढी. पुष्कळांचं निदान लग्नानंतर मूल होत नाही तेव्हा होतं, काहींचं कधीच होत नाही. कुणाला वयात आल्यावर गालगुंड झालेले असतात आणि त्यात वृषण सुजलेलं असतं. थॅलसेमियाच्या मुलांत वारंवार रक्त चढवल्यामुळे साठलेलं लोह पिट्युटरीला इजा करतं. पिट्युटरीवरच्या साध्या गाठीने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं आणि टेस्टोस्टेरॉन दबतं. त्या गाठीला बहुतेक वेळा गोळ्याच पुरतात, टेस्टोस्टेरॉन टोचण्याची गरजही पडत नाही. म्हणून आकडा दोनदा कमी आला की एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन तपासायचं. कमतरता वृषणात आहे की वर पिट्युटरीत, हे कळल्याशिवाय औषध सुरू करणं मला मान्य नाही.

ज्याला उपचारांची खरोखर गरज आहे, त्याने मात्र घाबरू नये. त्याची हाडं, स्नायू, रक्त, संसार सगळं टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असतं, आणि अशा तरुणाला 'व्यायाम कर, बरा होशील' म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. पिट्युटरीत बिघाड असेल आणि मूल हवं असेल, तर वृषणांना जागं करणारी एचसीजीची इंजेक्शनं असतात, काहींना क्लोमिफिनच्या गोळ्या देता येतात. टेस्टोस्टेरॉनच घ्यायचं ठरलं, तर वीर्य गोठवून ठेवता येतं का, हे आधी विचारा. पुढे हिमॅटोक्रिट ही रक्ताची तपासणी ठरावीक काळाने करायची. ते ५४ टक्क्यांच्या वर गेलं, म्हणजे रक्त फार दाट झालं, की औषध थांबवावं लागतं. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत असाल तर हात धुवा आणि लावलेली जागा कपड्याने झाका, कारण कडेवरच्या लेकराच्या अंगाला ते लागतं.

हृदयाचं काय, असं विचारतात. २०२३ साली सुमारे पाच हजार दोनशे पुरुषांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोक वाढल्याचं दिसलं नाही, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं थोडं जास्त आढळलं. हे पुरुष पंचेचाळीस ते ऐंशी वयाचे होते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं ते तीनेक वर्षं. अठ्ठाविसाव्या वर्षी सुरू करून पुढची चाळीस वर्षं घेणाऱ्याला हा निकाल कसा लागू करायचा?

शेवटी जिममध्ये जाणाऱ्यांशी बोलतो. तिथे टेस्टोस्टेरॉन घेण्याला 'सायकल' म्हणतात आणि डोस ठरवतो ट्रेनर. संततिनियमनाच्या प्रयोगांतल्या पुरुषांनी इंजेक्शनं थांबवल्यावर सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश जणांचे शुक्रजंतू पुरेसे वाढले, बाकीच्यांना दोन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागली. ती निरोगी माणसं होती आणि डोस मोजून दिलेले होते. जिममध्ये अनेकदा त्याच्या कित्येक पट घेतलं जातं. औषध एकदम बंद केलं की शरीराची स्वतःची निर्मिती सुरू होईपर्यंतचे महिने फार वाईट जातात. कामेच्छा जाते, मन खचतं, आणि मुलगा पुन्हा सुई हातात घेतो. म्हणून बंद करायचं तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि घरातल्या मोठ्यांना एक सांगणं आहे. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, पाळणा हलत नाही, की सुनेच्या सोनोग्राफ्या सुरू होतात, दुर्बिणीची तपासणी होते, नवस होतात. मुलाची वीर्यतपासणी काही शे रुपयांत होते आणि ती सर्वांत शेवटी आठवते. ती आधी करून घ्या. आणि मुला, तू काही टोचून घेत असशील तर ते तपासणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग. घरच्यांसमोर जमत नसेल तर त्यांना बाहेर थांबायला सांग. येताना बाटली बरोबर आण, लेबल फाटलेलं असलं तरी चालेल.