वहिनीच्या माहेरी कुणालाच फिट येत नव्हती

मागे लोकलचा हॉर्न ऐकू आला तर चालवून घ्या. आमची चाळ दिवा स्टेशनला इतकी चिकटून आहे की शांतपणे रेकॉर्ड करायचं तर रात्री दोननंतरच जमतं.

आजचा विषय आहे जीन टेस्ट आणि मेंदूचे आजार. मी डॉक्टर नाही, सायन्सही दहावीला सोडलं. मी फक्त काका आहे. पुतण्याची गोष्ट सांगतोय, दादा-वहिनीला विचारून.

पोरगं नऊ महिन्यांचं होतं. गोवर-रुबेलाची लस झाली, आठवड्याभराने ताप आला आणि तापात फिट आली. डावा हात, डावा पाय वीस मिनिटं उडत होता. रिक्षा गर्दीत अडकलेली, वहिनी मागे बसून नुसती त्याचं नाव घेत होती. त्यानंतर प्रत्येक तापाला फिट. पुढे तर गरम पाण्याने आंघोळ घातली तरी फिट.

मग घरात चौकशी बसली. आईने विचारलं, "तुझ्या माहेरी कुणाला होतं का गं?" नंतर, "लसीला कोण घेऊन गेलं होतं?" दोन्ही प्रश्नांचा रोख एकाच बाईकडे. सावंतवाडी गाडीने गावी जाऊन देवाला गाऱ्हाणंही घालून झालं.

पहिल्या डॉक्टरांनी कार्बामॅझेपिन दिलं. हे जुनं, स्वस्त औषध आहे आणि कितीतरी लोकांच्या फिट त्याने थांबतात. आमच्याकडे मात्र वाढल्या. म्हणून डोस वाढवला, तर आणखी वाढल्या. दीड वर्ष असंच गेलं. शेवटी मुंबईतल्या एका लहान मुलांच्या न्यूरोलॉजिस्टबाईंना वहिनी गरम पाण्याचं सांगत होती, तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, जीन टेस्ट करू.

थोडंसं रक्त घेतलं. खर्च 18,000 रुपये, दादाने भिशी उचलली. रिपोर्ट यायला सहा आठवडे लागले. त्यात एससीएन1ए नावाच्या जीनमध्ये बिघाड निघाला आणि आजाराला नाव मिळालं, ड्रॅव्हे सिंड्रोम.

आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथे आहे. मेंदूत काही पेशी ॲक्सिलरेटरचं काम करतात, काही ब्रेकचं. एससीएन1ए जीन जे सोडियम चॅनल बनवतो, ते मुख्यतः ब्रेकवाल्या पेशींना लागतं. ड्रॅव्हेमध्ये जीनच्या दोन प्रतींपैकी एक नीट चालत नाही, म्हणजे ब्रेक आधीच ढिला. आणि कार्बामॅझेपिन काय करतं? सोडियम चॅनल अडवतं. म्हणजे दीड वर्ष आम्ही ढिला ब्रेक पैसे देऊन अजून ढिला करत होतो!

डॉक्टरांनी ते हळूहळू बंद करून व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम सुरू केलं. दोन्ही औषधं साध्या मेडिकलमध्ये मिळणारी. म्हणजे नवीन होता तो रिपोर्ट, औषधं जुनीच. (हे ऐकून घरातल्या कुणाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हां. फिटचे प्रकार खूप आहेत आणि गोळी अचानक बंद करणं धोक्याचं असतं.)

फ्रान्सच्या शार्लोट ड्रॅव्हे यांनी हा आजार 1978 मध्ये मांडला. जीन सापडला 2001 मध्ये, बेल्जियममध्ये. तिथे तपासलेल्या सातही मुलांमध्ये बिघाड नव्याने झालेला होता, आईबापांत नव्हता. पुढे 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात, लसीमुळे मेंदू बिघडला असं समजलेली 14 मुलं तपासली, तर 11 जणांत हाच जीन बिघडलेला निघाला. लसीने ताप येतो, तापाने पहिली फिट लवकर दिसते. आजार आधीपासूनच असतो.

आमच्याकडे दादा-वहिनीचंही रक्त तपासलं. दोघांतही काही नाही. जेनेटिक काउन्सेलरने कागदावर आकृती काढून दाखवली: जीनची नक्कल होताना कधीकधी चूक होते, ती कुणी करत नाही. पुढच्या मुलाला धोका फार कमी असतो, पण शून्य म्हणता येत नाही, हेही तिने सांगितलं. वहिनी तिथे काही बोलली नाही. घरी येऊन तिने रिपोर्ट आईसमोर ठेवला आणि भाकऱ्या थापायला बसली. आईला इंग्रजी वाचता येत नाही, मीच वाचून दाखवला.

पुढचं काय? झोरेव्हुनर्सेन नावाच्या औषधाच्या परदेशात चाचण्या चालू आहेत. ते पाठीच्या कण्यातून देतात आणि जीनची जी प्रत चांगली आहे तिच्याकडून जास्त काम करून घेतात. म्हणजे थेट ब्रेकच दुरुस्त करायचा प्रयत्न. पण 2021 आठवतं ना? मुंबईतल्या एका बाळासाठी, एसएमएसाठी, 16 कोटींचं जीन थेरपीचं औषध लोकवर्गणीतून आणलं होतं. त्यामुळे मी आशा ठेवतो, पण भिशीचा आकडा डोक्यातून जात नाही.

पोरगा आता सहा वर्षांचा आहे. फिट पूर्ण थांबलेल्या नाहीत, तापात अजून येतात. आली की कुशीवर वळवायचं, घड्याळ लावायचं, पाच मिनिटं झाली की नाकात मिडाझोलामचा स्प्रे. कांदा नाही, चप्पल नाही. बोलायला तो उशिरा लागला, पण सीएसएमटी आणि कर्जतच्या अनाउन्समेंट तोंडपाठ आहेत.

माझं लग्न बघायला घेतलंय. आई म्हणते, "त्या रिपोर्टचं कुणाला बोलू नकोस, घराण्यात आहे म्हणतील." मी सांगतो, घराण्यात नाही हेच तर त्यात लिहिलंय. शिवाय फिट हे कारण हिंदू विवाह कायद्यातून 1999 मध्येच काढलंय. तिला पटलं की नाही, माहीत नाही. हा भाग तिला अजून ऐकवलेला नाही.